सादरीकरणाची दृक्साधने

वक्त्याचे म्हणणे श्रोत्यांना डोळ्यांनीही कळावे म्हणून वापरली जाणारी चित्रे, फळे, पडदे व यंत्रे. महाराष्ट्रातील जुनी परंपरा पिंगुळीच्या (जि. सिंधुदुर्ग) चित्रकथींची. ठाकर समाजातील हे कथेकरी रामायण-महाभारतातील प्रसंगांची सुटी चित्रे एकामागून एक दाखवत कथा गातात. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला ‘पोथी’ म्हणतात.

प्रकाशाने चित्र मोठे करणारा जादूचा कंदील डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५९ च्या सुमारास तयार केला. काचेवर रंगवलेले चित्र, मागे दिवा, पुढे भिंग अशी त्याची रचना होती. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने त्याचेच खेळ केले. पुढे काचेची जागा फिल्मने घेतली. १९६० च्या दशकातील कोडॅकच्या ‘करूसेल’ यंत्राच्या चकतीत ८० स्लाइड मावत. चित्र झकास दिसे. मात्र क्रम आधीच लावून ठेवावा लागे आणि अंधारात वक्ता दिसेनासा होई.

ओव्हरहेड प्रोजेक्टरने ही अडचण दूर केली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने प्रशिक्षणासाठी तो वापरला, नंतर तो शाळा-महाविद्यालयांत आला. खोलीतला उजेड तसाच ठेवून, श्रोत्यांकडे तोंड करून, पारदर्शक कागदावर बोलता बोलता लिहिता येई, खोडता येई. वक्त्याच्या दृष्टीने इतके सोयीचे साधन पुन्हा झाले नाही.

१९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी आलेले पॉवरपॉइंट मुळात या ओव्हरहेडचेच कागद छापण्यासाठी होते, तेही काळ्या-पांढऱ्या रंगांत. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. संगणकावरून थेट पडद्यावर दाखवण्याची सोय रुळल्यावर मधला कागद गेला. आता सभा सुरू होईपर्यंत फेरफार करता येतात. पण चित्रासाठी असलेल्या जागेत मुद्द्यांची यादी येऊन बसली आणि वक्ते तीच वाचून दाखवू लागले.

याची गंभीर बाजू २००३ च्या कोलंबिया अवकाशयान दुर्घटनेनंतर पुढे आली. यानावर आदळलेला फोमचा तुकडा चाचणीतल्या तुकड्यापेक्षा शेकडो पटींनी मोठा असल्याची माहिती अभियंत्यांच्या एका स्लाइडवर अगदी तळाशी, बारीक अक्षरांत होती. शीर्षक मात्र दिलासा देणारे होते. तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या नासातील प्रथेवर चौकशी मंडळाने आपल्या अहवालात स्पष्ट ठपका ठेवला.