धावपट्टीचे युद्ध

माझे बालपण जबलपूर जिल्ह्यातील सिहोरा येथे गेले. १९७१ च्या डिसेंबरात सिहोरा रोड स्थानकावरून रात्री-अपरात्री ताडपत्रीने झाकलेल्या वाघिणी जात, असे वडील सांगत. जबलपूरजवळच्या खमरिया येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिलेला दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि तेथून कटनीकडे जाणारा लोहमार्ग आमच्या गावावरूनच जातो. त्यामुळे युद्ध म्हटले की मला आधी मालगाडी आठवते, मग विमान. पुढे अर्थशास्त्र शिकताना हा क्रम योग्यच असल्याचे पटले.

त्या युद्धात पूर्व पाकिस्तानात सेबर विमानांचे एकच स्क्वाड्रन होते. ४ डिसेंबरपासून आपल्या हंटर विमानांनी ढाक्याच्या तेजगाव तळावर हल्ले केले. हवेत चकमकी झाल्या, दोन्ही बाजूंची विमाने पडली, पण निर्णय लागेना. ६ डिसेंबरला गुवाहाटीहून आलेल्या २८ व्या स्क्वाड्रनच्या मिग-२१ विमानांनी थेट धावपट्टीवरच ५०० किलोचे बॉम्ब टाकले. वास्तविक मिग-२१ हे उंचावर शत्रूचे विमान अडविण्यासाठी बनविलेले. बॉम्बफेक हे त्याचे मूळ काम नव्हे. पुन:पुन्हा झालेल्या हल्ल्यांमुळे सेबरची उड्डाणे थांबली. उरलेली विमाने जागच्या जागी होती, पण उडता येत नव्हती. १४ डिसेंबरला आपल्या विमानांनी ढाक्याच्या राज्यपाल भवनावर हल्ला केला, राज्यपाल मलिक यांनी राजीनामा दिला आणि १६ तारखेला शरणागती झाली.

याच सुमारास कच्छमध्ये भुजची धावपट्टी पाकिस्तानी बॉम्बहल्ल्यांत उखडली गेली होती. तळाचे प्रमुख होते मूळचे नागपूरचे स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. शेजारच्या माधापर गावातील सुमारे ३०० स्त्रिया पुढे आल्या आणि त्यांनी ७२ तासांत ती धावपट्टी पुन्हा वापरण्याजोगी केली. भोंगा वाजला की त्या झुडपांत लपत व नंतर पुन्हा कामाला लागत.

दोन्ही ठिकाणची परिस्थिती सारखी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. ढाक्यावरील आकाश पूर्णपणे आपल्या ताब्यात आले होते, भुजवरील हल्ले तुटक होते. तरीही एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. भुजच्या तळाला शेजारचे गाव आपले मानत होते. ढाक्यातील जनता मात्र त्या राजवटीपासून केव्हाच दुरावली होती.

नाशिकजवळच्या ओझर येथे ज्यांची बांधणी झाली, ती मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी सेवानिवृत्त झाली. त्यांचा गौरव झाला, तो योग्यच होता. पण अंदाजपत्रक तयार करताना नव्या खरेदीला आपण सहज मान्यता देतो आणि देखभाल-दुरुस्तीच्या शीर्षाला प्रथम कात्री लावतो. मी स्वत: ती अनेकदा लावली आहे. आता तसे करताना मला माधापरच्या त्या स्त्रिया आठवतात आणि हात थबकतो.