लंडनच्या बाजाराचे दोन दिवाणजी

इतिहास म्हटला की आपल्याला गड, तह आणि तलवारी आठवतात. मी सांगणार आहे ती लढाई लंडनच्या शेअरबाजारातली. आणि लढले ते दोन दिवाणजी.

हे दिवाणजी कोण, ते आधी सांगतो. मोठ्या पेढीचा कारभार ज्या संगणकांवर चालतो त्यांना सर्व्हर म्हणतात. त्यांत कोणते काम आधी, कोणते मागून, कोणाला किती जागा, हे ठरविणारी ती ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज हा मायक्रोसॉफ्टचा दिवाणजी; त्याच्या चोपड्या कुलपात आणि किल्ली कंपनीकडे. लिनक्सचा जन्म १९९१ सालचा, हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याच्या हातून. याच्या चोपड्या कोणीही उघडाव्यात, हव्या तशा सुधाराव्यात.

जून २००७ मध्ये लंडनच्या बाजाराने 'ट्रेडइलेक्ट' ही नवी व्यवस्था सुरू केली. खर्च सुमारे चार कोटी पौंड, आणि दिवाणजी विंडोज. लंडनने लिनक्सला बाजूला सारून आम्हांला निवडले ते आमच्या भरवशामुळे, अशी जाहिरात मायक्रोसॉफ्टने केली. भरवशाची दवंडी पिटणाऱ्याने जरा दमाने घ्यावे, असे आपले माझे मत.

कारण ८ सप्टेंबर २००८ उजाडला. आदल्याच दिवशी अमेरिकी सरकारने फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या घरकर्जाच्या दोन प्रचंड संस्था ताब्यात घेतल्या होत्या. जगभर खरेदीची झुंबड उडाली, आणि लंडनचा बाजार जवळजवळ सात तास बंद! दलाल हात चोळीत बसले.

लिनक्सच्या भक्तांनी तेव्हा विंडोजला फासावर चढविले. मला हा न्याय पटत नाही. दिवाणजी एक आणि त्याच्या हाताखाली रचलेला कारभार दुसरा. बिघाड कुठला, हे बाहेरून ओरडून ठरत नसते. खरे दुखणे वेगाचे होते. २००७ सालीच चाय-एक्स हा प्रतिस्पर्धी उभा राहिला होता. सेकंदाच्या हजाराव्या भागावर जिथे गिऱ्हाईक तुटते, तिथे दर सुधारणेसाठी परक्या कारागिरांचे दार ठोठावणे परवडेल कसे?

मे २००९ मध्ये झेव्हियर रोले बाजाराचे मुख्याधिकारी झाले. त्याच वर्षी त्यांनी श्रीलंकेतली मिलेनियमआयटी ही कंपनीच सुमारे १ कोटी ८० लक्ष पौंडांना विकत घेतली. नुसते यंत्र नव्हे, कारखाना कारागिरांसकट! जुन्या व्यवस्थेच्या निम्म्याहूनही कमी किमतीत. एकेकाळी लंडनहून सिलोनवर राज्य चाले. आता लंडनचा बाजार चालवायला लंकेची माणसे. त्यांची व्यवस्था लिनक्सवर चाले.

१४ फेब्रुवारी २०११ रोजी मुख्य बाजार तिच्यावर गेला. आणि अकरा दिवसांनी, २५ फेब्रुवारीला, तोही सुमारे चार तास बंद पडला. फरक एवढाच, की या वेळी दुरुस्तीला बोलवायचे कारागीर बाजाराच्याच पगारावर होते.