चंद्राची चाल आणि पाथरीचे घराणे

दिवाळी आली की घरोघर पंचांग निघते, आणि कधी कधी त्यावरून वादही रंगतो. २०२४ साली आश्विनातली अमावास्या लागोपाठ दोन सायंकाळी सापडली; कोणी ३१ ऑक्टोबरला लक्ष्मी पूजली, कोणी १ नोव्हेंबरला. सरासरी तिथी ६० घटकांहून थोडी कमीच भरते. सगळ्या तिथी सारख्या असत्या, तर एक अमावास्या दोन सायंकाळी सापडलीच नसती. चंद्र कधी रेंगाळतो, कधी धावतो, हे त्याचे मूळ.

या रेंगाळण्याचे माप भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’त मांडले. त्यातली युक्ती मला फार आवडते. एक मोठे वर्तुळ कल्पावे. त्याच्या परिघावरून एका लहान वर्तुळाचा मध्य दिवसाला ७९० कला ३५ विकला पुढे सरकतो, आणि त्या लहान वर्तुळावर चंद्र फिरतो. चंद्र वरच्या टोकाला, म्हणजे उच्चावर असला की त्याचे हे फिरणे मध्याच्या उलट दिशेने पडते आणि चाल मंदावते. खाली नीचावर दोन्ही गती एका दिशेच्या होतात.

पण मंदावते किती? येथे एकात एक तीन गोष्टी गुंतल्या आहेत. उच्चापासूनचा कोन दिवसाला ७८३ कला ५४ विकला वाढतो. कोन वाढला की त्याची ज्या बदलते, पण एकसारखी नव्हे. तिचा बदल कोटिज्येच्या प्रमाणात असतो, असे आचार्य सांगतात: उच्चापाशी कोनाइतकाच, पाव फेरी होताच शून्य. आणि ज्येमुळे चंद्र ढळतो तो लहान वर्तुळ मोठ्याशी ज्या प्रमाणात असेल तेवढाच, म्हणजे ३६० अंशांस ३१ अंश ३६ कला. तिन्हींचा गुणाकार केला की उच्चापाशी सुमारे ६९ कला येतात. म्हणून चंद्राची गती तेथे ७२२ कला, नीचावर ८५९. ही गती अख्ख्या दिवसाची नव्हे, त्या क्षणाची; तिला आचार्य तात्कालिकी म्हणतात.

तिथी म्हणजे चंद्राने सूर्याच्या पुढे ७२० कला जाणे. सूर्याच्या ५९ कला वजा करून भागाकार करावा. एकीकडे ६५ घटका येतात, दुसरीकडे ५४. तिथी पाच घटका वाढते, सहा घटका घटते, हा जोशीबुवांचा जुना नियम तो हाच! आजची सूक्ष्म पंचांगे चंद्राचे आणखी फेर हिशेबात धरतात, म्हणून त्यांत हा फरक याहून मोठा असतो.

कॉलेजात या गुणाकाराला साखळी नियम म्हणतात. लायब्निझने तो १६७६ साली वापरला. भास्कराचार्यांनी सर्वसाधारण नियम सांगितला, असे मी म्हणणार नाही. त्यांना चंद्र हवा होता, आणि चंद्रापुरते त्यांनी अचूक गुणले.

आमच्या परभणी जिल्ह्यातले पाथरी म्हणजे जुने पार्थपूर, असे अभ्यासक मानतात. तेथील ज्ञानराजाने १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ रचला. त्याचा मुलगा सूर्यदास लहानाचा मोठा झाला तेव्हा पाथरीसाठी इमादशाही आणि निजामशाही झगडत होत्या. त्या धामधुमीत त्याने आचार्यांच्या ‘बीजगणिता’वर टीका लिहिली, १५४१ साली ‘लीलावती’वरही लिहिली, आणि सवड काढून एक काव्य रचले, जे सरळ वाचले तर रामाचे, उलट वाचले तर कृष्णाचे.