घागरीच्या बुडावर नाव कुणाचं?

चपला काढा. तुम्ही अंबाजोगाईच्या कुंभारवाड्यात उभे आहात. वैशाख तापलाय आणि संतकवी दासोपंत अजून याच गावात पदांमागून पदं रचताहेत. काळ्या मातीची वाट तळव्यांना चटके देते. तुम्ही उड्या मारत लिंबाच्या सावलीला पळता, तर तिथं गाढवं आधीच उभी! लिदीचा उग्र वास नाकात शिरतो. सोसा. आता तीच लीद तुमच्या पायाखाली येणार आहे.

कारण इथं आयतं कुणी बसत नाही. गाळ, राख, लीद कालवलेला ढीग दाखवून तुम्हाला सांगितलं जातं, तुडवा. पहिलं पाऊल गार, सुखाचं. मग चिखल पोटऱ्या ओढू लागतो. खडा टोचला की वाकायचं, वेचून फेकायचा, पुन्हा तुडवायचं. शेजारी म्हातारे बुवा काठीनं चाक गरगरवतात, बोटं आत घालतात आणि माती उभी राहते. सुतानं कापून घागर खाली उतरते, पण बूड उघडंच! ती उन्हात जरा आवळली की बायका घेतात. आतून दगडी गोटा, बाहेरून लाकडी थापटणं. थप्, थप्, थप्. पोट फुगतं, भिंत पातळ होते, बूड मिटतं. आळीभर तोच ताल, त्यात लेकरांचा कालवा आणि आव्यातल्या पऱ्हाट्या-गोवऱ्यांचा धूर. डोळे चोळू नका, हात चिखलाचे आहेत.

आता तुमच्यातला आजचा माणूस बोलतो. बाभळीचा काटा पुढं करून म्हणता, “बुवा, ओल्या बुडावर नाव घाला की!” बुवा नुसते बघत राहतात. इथून दोन दिवसांच्या चालीवर तेर. तिथल्या संत गोरोबाकाकांनी अभंगाच्या शेवटी आपलं नाव घातलं, तेही कुंभार म्हणूनच. दासोपंतही पदात नाव घालतात. पण घागरीला नाव? आणि घालायचं तर कुणाचं? चाक बुवांचं, थापटणं सुनेचं, गेरूचा हात लेकीचा, डोक्यावर पाटी घेऊन बाजार करणार म्हातारी.

खूप पुढं, 1920 मध्ये, जपानचा कुंभार शोजी हमादा आणि इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच इंग्लंडात सेंट आइव्ह्जला भट्टी घालतील. लीच भांड्यावर शिक्का मारील. हमादा पुढं मायदेशी भांडी निनावीच ठेवील. मला हमादाचं निनावीपण फार आवडतं, पण त्याला जग ओळखत होतं. आज रस्त्याकडेला माठ घेताना तो कुणी घडवला हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून आजच्या कुंभारानं नाव घालावं, असं मी ठामपणे म्हणेन. आणि थापटणाऱ्या बाईचंही घालावं.

पण तुम्ही अजून इथंच आहात, तर चला बाजारात. अक्षय्य तृतीया तोंडावर आलीय, पितरांच्या पाण्यासाठी घरोघरी नवी भांडी हवीत. धूळ, घाम, बैलांच्या घुंगरांचा खुळखुळाट, कुणाचा तरी कोपरा तुमच्या बरगडीत. गिऱ्हाईक बाई टिचकी मारते, कान लावते, बद्द वाजलं की मडकं बाजूला. खणखणीत वाजलं तर पदरातली ज्वारी म्हातारीच्या सुपात.

तेवढ्यात गर्दी रेटत एक जण येते. “मागच्या बाजारची घागर गळतीय, मावशे!” म्हातारी घागर उलटी करते, बुडावरच्या थापटण्याच्या खुणांवरून अंगठा फिरवते.

“आमचीच हाय. सुनेचा हात हाय ह्यो, नवी हाय अजून. घे, ही माझ्या हातची ने.”