दारचा कडुलिंब

मादन हिप्परग्यातला आमच्या दारचा कडुलिंब सासूबाई लग्न होऊन आल्या त्याआधीपासूनचा. ज्वारीच्या कणगीत त्याचाच वाळला पाला घालायचा. किडा मारायची वेळच येत नसे. या झाडाच्या तेलापासूनच्या बुरशीनाशकाचं पेटंट १९९४ मध्ये युरोपात एका अमेरिकन कंपनीला आणि अमेरिकेच्या शेतीखात्याला मिळालं होतं. वंदना शिवा आणि त्यांच्या सोबत्यांनी भांडून ते २००० मध्ये रद्द करवलं. २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. आणि बघा, बुरशीचं औषध देणाऱ्यालाच बुरशी लागली! २०२१ मध्ये शेजारच्या तेलंगणात शेंडे करपून कितीतरी लिंब वाळले. फोमोप्सिस म्हणतात तिला. आमच्याही झाडाचे आधी शेंडेच गेले. एवढ्या उंच फवारणार कोण? यंदा पाडव्याला पाला शेजारून मागून आणला.