वाजीकरण ते गोळी : समाधान कोणाचे?

पुरुषाच्या लैंगिक दुर्बलतेवर पोटात घ्यावयाच्या औषधांचा इतिहास सहसा वैद्यकाच्या खात्यावर मांडला जातो. वस्तुतः तो भाषेचाही इतिहास आहे. औषध कोणते, याइतकाच 'गुण आला' हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न त्यात महत्त्वाचा ठरतो.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील दुसरा अध्याय वाजीकरणाचा. वाजी म्हणजे घोडा. पुरुषाला अश्वाचे बळ देणारे ते वाजीकरण. दूध, तूप, उडीद यांपासून केलेल्या या योगांचे फलित मुख्यतः संततीत मोजले जाते. अपत्यहीन पुरुषाला तेथे सावली आणि फळ नसलेल्या वृक्षाची उपमा दिली आहे. याच अध्यायात हर्ष देणारी स्त्री हेच श्रेष्ठ वाजीकरण मानले आहे. परंतु तिला शब्द योजला आहे तो 'क्षेत्र'. ती औषध आहे, भूमी आहे. साक्षीदार मात्र नाही.

विसाव्या शतकात छापील जाहिरात आली आणि संततीच्या चिंतेची जागा 'धातुक्षया'च्या भयाने घेतली. हस्तमैथुनाने पौरुष नष्ट होते, ही समजूत अशा औषधविक्रीचे भांडवल होती. दापोलीजवळच्या मुरुडचे र. धों. कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य'ने नेमके हे भांडवल हिरावून घेतले. वाचक शंका विचारीत, कर्वे शास्त्राधारे उत्तर देत. अशाच उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही 200 रुपये दंड झाला. स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे, हे कर्वे सातत्याने सांगत राहिले. क्षेत्राला वाचा फुटावी, अशी ही मागणी होती. कामसामर्थ्य वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना कायद्याने बंदी झाली ती 1954 मध्ये, कर्व्यांच्या निधनाच्या दुसऱ्या वर्षी.

पुढचे वळण प्रयोगशाळेतले. हृदयशूळासाठी तपासल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिलचा 'दुष्परिणाम'च उपयोगी ठरला आणि 27 मार्च 1998 रोजी अमेरिकेत 'व्हायग्रा'ला मान्यता मिळाली. 2003 मध्ये तेथे व्हार्डेनाफिल आणि टाडालाफिल आली. तिन्ही औषधे एकाच विकरास रोखून रक्तवाहिन्या सैलावतात. मात्र इच्छा निर्माण करीत नाहीत. नायट्रेट घेणाऱ्या हृदयरोग्यांना ती वर्ज्य आहेत.

यांची तुलना करताना एक लक्षणीय गोष्ट दिसते. ताठरतेच्या मोजमापात त्यांच्यात फारसा फरक पडत नाही. तरीही दोन्ही औषधे आलटून-पालटून घेतलेल्या रुग्णांच्या अनेक अभ्यासांत बहुसंख्यांनी टाडालाफिलला पसंती दिली. सिल्डेनाफिलचा प्रभाव चार-पाच तास टिकतो आणि स्निग्ध जेवणाने लांबतो. टाडालाफिलचा 36 तासांपर्यंत राहतो आणि त्याला जेवणाची अडचण नसते. घड्याळाकडे पाहत प्रेम करावे लागत नाही, ही सुटका रुग्णाला अधिक मोलाची वाटली. म्हणजे परिणाम आणि समाधान या दोन भिन्न गोष्टी आहेत. 1999 मध्ये समाधान मोजण्यासाठी जी प्रश्नावली तयार झाली, तिच्यात रुग्णासाठी 11 प्रश्न होते आणि जोडीदारासाठी स्वतंत्र 5. चरकाच्या क्षेत्राला साक्षीदाराचे स्थान मिळायला इतका काळ जावा लागला.

शब्द मात्र मागेच राहिले. 1992 च्या अमेरिकेतील तज्ज्ञ परिषदेने 'सामर्थ्यहीनता' सुचविणारी जुनी इंग्रजी संज्ञा सोडून ताठरतेतील बिघाड एवढेच सांगणारी संज्ञा स्वीकारावी, असे सुचविले. आपण अजून 'नपुंसक' म्हणतो. एका अवयवाच्या तक्रारीवरून सबंध माणसाचे पुरुषपण नाकारतो. असा शब्द कानी पडण्याच्या भीतीने माणूस डॉक्टरकडे जाण्याऐवजी भिंतीवरच्या जाहिरातीतला पत्ता शोधतो. म्हणूनच 'समाजस्वास्थ्य'मधील प्रश्नोत्तरे वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही वाचायला हवीत. रुग्णाने स्वतःच्या शब्दांत, मराठीत, आपले असमाधान मांडल्याचा तो मोलाचा दस्तऐवज आहे.