हॅडफिल्ड यांचे मँगॅनीज पोलाद : उष्णतासंस्करणाच्या इतिहासातील एक अपवाद

तापवून पाण्यात विझविलेले पोलाद कठीण, पण ठिसूळ होते, हा लोहारांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. १८८२ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे रॉबर्ट हॅडफिल्ड यांना याच्या नेमके उलट आढळले. सुमारे १२ टक्के मँगॅनीज व १ टक्क्याहून किंचित अधिक कार्बन असलेले त्यांचे मिश्रपोलाद ओतीव अवस्थेत ठिसूळ होते. परंतु सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात विझविताच ते विलक्षण चिवट होई. या शोधाचे श्रेय बहुधा मिश्रणास दिले जाते. ते अपुरे वाटते. विझविण्याच्या क्रियेवाचून हे मिश्रण निरुपयोगीच ठरले असते.

याचे सूक्ष्मरचनात्मक स्पष्टीकरण पुढे मिळाले. ओतीव धातू सावकाश थंड होताना कणसीमांवर कार्बाइडे साचतात व धातू तेथेच तडकतो. तापविल्याने ती विरघळतात. त्वरित शीतनामुळे त्यांना पुन्हा साचण्यास अवसर उरत नाही. सामान्य पोलादात अशा वेळी कठीण मार्टेन्साइट तयार होते. येथे मात्र मँगॅनीजमुळे ऑस्टेनाइटच टिकून राहते आणि आघात होतील तसतसा त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो. रेल्वेच्या क्रॉसिंगला व खडक फोडणाऱ्या यंत्रांना असाच धातू हवा होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांची शिरस्त्राणेही त्याचीच घडविली गेली.